एकवीस कॅसेटी आणि माझं एक वाक्य

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. त्या एकवीस कॅसेटींना बुरशी लागली नव्हती. त्या पुण्यापर्यंत पोचल्याच नाहीत. रियाधच्या विमानतळावर एका खांबाच्या बुडाशी मी त्या माझ्या हातानं ठेवल्या आणि पुढे गेलो. तिथल्या सफाई कामगारानं मला विचारलं, "ये आपका है?" मी म्हणालो, "नहीं."

एवढंच आहे. एवढं लिहायला मला सहा वर्षं लागली.

मी तेवीस वर्षं रियाधमध्ये आहे. एका बँकेच्या आयटीत काम करतो. कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एक समज असतो, की हा विचार करून बोलत असणार आणि याच्याकडे दिलेली वस्तू सुरक्षित राहणार. आमच्या मराठी मंडळातही माझ्याबद्दल हा समज होता. मी तो कधी खोडून काढला नाही. फायद्याचा समज कोण खोडतं?

मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. पाऊणशे घरं, एक व्हॉट्सॲप ग्रुप, आणि गणपती, संक्रांत, दिवाळी अशा निमित्तानं शुक्रवारी भाड्यानं घेतलेली इस्तिराहा. गावाबाहेर चार भिंतींच्या आत थोडी हिरवळ, पोरांना डुंबायला एक हौद आणि गालिचे घातलेला एक लांबलचक हॉल, असं ते विश्रांतीघर असतं. आमचे सगळे सोहळे तिथंच होतात. अशाच एका शुक्रवारी आमच्यापैकी एकानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्याच्या इमारतीखालच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यापाशी कुणीतरी फोटोंचा जाडजूड अल्बम टाकला होता. पस्तीस वर्षं राहून फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचं, परत गेलेल्या एका मराठी कुटुंबाचा. नेण्याजोगं नेलं, विकण्याजोगं विकलं, उरलेलं खाली ठेवलं.

आमचे अध्यक्ष एका मोठ्या हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर. बोलायला लागले की थांबत नाहीत, पण माणूस मनाचा स्वच्छ. ते म्हणाले, "हे बघा, इथं आपण कुणी वसत नाही. राहण्याचा परवाना, इकामा, आहे तोवर आहोत. पण पन्नास वर्षांपूर्वी जे पहिले आले, त्यांचा कागद, फोटो, आठवण, काहीतरी राहायला पाहिजे की नको?"

अशी आमची वारसा समिती निघाली. अध्यक्ष, माझ्यासारखे तिघे, आणि एक हौशी बाई, ज्या पुढे भारतात परत गेल्या. जुन्या कुटुंबांकडून वस्तू आणि आठवणी जमवायच्या, त्यांचं प्रदर्शन मांडायचं आणि शेवटी पुस्तक काढायचं. अध्यक्षांनी शब्दसुद्धा काढला होता, 'आद्य मराठी कुटुंबं'. हा शब्द ग्रुपवर पडला आणि दुसऱ्या मिनिटापासून आद्य कोण यावर भांडणं सुरू झाली.

"आमचे हे आले ना, तेव्हा जुना विमानतळ होता," एक वहिनी म्हणाल्या.

"अहो, जुना विमानतळ नवा होता तेव्हा आम्ही इथं होतो," दुसऱ्या म्हणाल्या.

राबिघला उमेदीची सगळी वर्षं काढलेले एक निवृत्तीला टेकलेले इंजिनिअर हॉलमध्ये उभे राहून म्हणाले, "मी आलो तेव्हा राबिघला समुद्र आणि वारा सोडून काही नव्हतं. सांगा आता!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मग तुम्ही कसलं इंजिनिअरिंग करत होता, वाऱ्याचं?"

हशा झाला. इंजिनिअर आठवडाभर ग्रुपमधून बाहेर पडले होते. शेवटी ठरलं की पासपोर्टवरचा पहिला शिक्का दाखवायचा, ज्याचा जुना तो आद्य. लोकांनी जुने, कोपरे कापलेले पासपोर्ट बाहेर काढले. मी ते तपासायला बसलो होतो, एखाद्या अंमलदारासारखा. वारसा म्हणून आम्ही जे जपायला निघालो होतो त्यात मानापमानाचा भाग किती होता हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण मीही त्यातलाच. मला प्रस्तावना लिहायला मिळणार होती.

ज्यांच्या त्या एकवीस कॅसेटी, त्या काकू या शिक्क्यांच्या चढाओढीत नव्हत्या. त्यांच्या मुलाचं घर माझ्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर. मुलगा डॉक्टर आणि काकू त्याच्या इकाम्यावर राहत होत्या. मी त्यांच्याकडे स्वतःहून गेलो, कारण कुणीतरी सांगितलं होतं की त्यांचे यजमान डोंगरावरच्या ताइफ गावच्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते आणि फार आधी आले होते. काकूंनी पासपोर्ट दाखवला नाही. "ते कुठं ठेवलंय कुणास ठाऊक," म्हणाल्या. "पहिलं आलं काय नि मागाहून आलं काय, थंडी सगळ्यांना सारखीच वाजली."

काका ताइफला एकटे आले होते. काकू तेव्हा गुहागरजवळच्या गावी, तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. चार वर्षं ती दोघं वेगळी राहिली. फोन लावायचा तर गावात फोन नाही, आणि पत्र लिहायचा काकांना कंटाळा. म्हणून ते कॅसेट भरायचे. खोलीतल्या टेपरेकॉर्डरवर अर्धा तास बोलायचं आणि सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती कॅसेट द्यायची. तो माणूस मुंबईला उतरायचा, तिथून खेड, चिपळूण, दापोली असा ज्याचा जो रस्ता असेल तसा जायचा आणि वाट वाकडी करून काकूंच्या दारात कॅसेट ठेवायचा. चार वर्षांत एकवीस कॅसेटी गेल्या. नेणारेही जवळजवळ एकवीसच. त्यात कोण केरळचा होता, कोण रत्नागिरीचा मुसलमान, कोण हैदराबादचा, ज्यानं ती मुंबईत दुसऱ्याच्या हाती सोपवली. एकही कॅसेट हरवली नाही.

नंतर काकूंनाही ताइफच्याच हॉस्पिटलात नोकरी मिळाली. येताना त्या कॅसेटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून परत घेऊन आल्या. मुलगा ताइफलाच वाढला. तो कॉलेजात असताना काका एका सकाळी ड्यूटीवर जायला निघाले आणि जिन्यातच गेले. व्हिडिओ कधी काढलाच नव्हता. आवाज होता तो त्या डब्यात.

डबा माझ्या हाती देताना काकू म्हणाल्या, "मधेमधे गप्प आहेत. ते कापू नका हं."

"नाही हो काकू."

"नाही, सांगून ठेवते. 'आता तू बोल' म्हणायचे आणि मग गप्प बसायचे. मी काय बोलेन तेवढी जागा सोडायचे. मी बोलायची बरं का! पडवीत टेप लावून बसायची आणि खरंच बोलायची. सासूबाई म्हणायच्या, सुनेला वेड लागलं."

काकू हसल्या. मीही हसलो आणि कॅसेटींचा डबा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला.

त्यातल्या दीड कॅसेटी मी ऐकल्या. समितीतल्या एकाकडे जुना टेप होता, तो आणून बसलो. खरं सांगतो, माझी निराशा झाली. मला वाटलं होतं वाळवंट असेल, एकाकीपणा असेल, पहिल्या पिढीचं काहीतरी असेल, प्रदर्शनात टांगता येईल असं. काका म्हणत होते, "चालू झालं का? चालू झालं वाटतं. तर काय, इकडे सगळं ठीक." मग कुकरची रिंग गेल्यामुळे डाळ कशी शिजत नाही ते. मग ताइफची थंडी. अरबस्तान म्हणजे ऊन असं समजून स्वेटर आणला नाही, आता एकावर एक दोन शर्ट घालून झोपतो. खोलीतला मल्याळी दिवसाउजेडीही मच्छरदाणीत बसतो, आणि इथं डास नाहीत हे त्याला पटत नाही. विहिरीवरचा पंप दुरुस्त केला का. आईच्या गुडघ्याला तेल लावतेस ना. "आता तू बोल."

आणि टेपची नुसती खरखर. कुठंतरी लांब गाडी जाते. माणूस श्वास घेतो. मी बटण दाबून फीत पुढे पळवली. तिसऱ्यांदा 'आता तू बोल' आलं तेव्हा मी ते शब्द संपायच्या आतच बटणावर बोट ठेवलं होतं. एकदा बोट जरा लवकर उचललं गेलं आणि शांततेचं शेवटचं टोक कानावर पडलं. काका हसून म्हणत होते, "बरं, बरं. असं म्हणतेस होय."

समितीतला तो टेपवाला म्हणाला, "मी इथंच उतरवून घेतो सगळ्या. रोज एक. महिन्याभरात खलास."

मी नको म्हणालो. पुण्यात माझ्या ओळखीचा स्टुडिओ आहे, व्यवस्थित प्रोफेशनल काम होईल, खरखर काढून देतील, असं मी सांगितलं. सुट्टीवर मी निघालोच होतो. काम माझ्या नावावर व्हावं हाच खरा मुद्दा होता, हे आता लिहायला हरकत नाही.

इथून सुट्टीवर निघणाऱ्याचं सामान त्याच्या एकट्याचं नसतं. निघायच्या आठवड्यात घरी माणसं येतात. कुणाचं औषध, कुणाच्या बाळाचे कपडे, कुणाचे खजूर, कुणाच्या आईचा चष्मा. घ्यायचं. नाही म्हणायचं नाही, कारण आपलंही कुणीतरी नेलेलं असतं. आणि विमानतळावर वजन जास्त भरलं, खोका जमिनीवर उघडून सुतळी कापायची वेळ आली, तर आधी आपलं काढायचं. आपलं सगळं संपल्यावर मग दुसऱ्याचं. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. पण तो इथल्या गवंड्यालाही ठाऊक असतो आणि सर्जनलाही.

माझं वजन साडेचार किलो जास्त भरलं. दुपारची वेळ होती. काउंटरवरचा मुलगा सभ्यपणे म्हणाला, कमी करून या. मी खोका एका खांबाशी ओढत नेला. त्या खांबाशी आधीच लोकांनी काढून टाकलेल्या वस्तू पडल्या होत्या. लोणच्याची बरणी, टॉवेल, दुधाच्या पावडरीचा डबा. माझ्या खोक्यात दोन कोरियन ब्लँकेटं होती, एक थोरल्या भावाला, एक मेव्हण्याला. चॉकलेटं होती. एक इस्त्री होती. आणि बिस्किटांचा डबा.

एक ब्लँकेट काढलं असतं तर प्रश्न मिटला होता. पण एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर वर्षभर ऐकावं लागणार. दोन्ही काढली तर घरी रिकाम्या हातानं गेल्यासारखं. इस्त्री बायकोच्या बहिणीनं सांगून मागवलेली. मी खाली बसून एकेक वस्तू हातात घेत होतो आणि प्रत्येक वस्तूमागे मला एक चेहरा दिसत होता, फुगलेला. डब्यामागे काकूंचा चेहरा होता. पण तो फुगणारा नव्हता. हे मला तिथं बसल्याबसल्या कळलं होतं. सगळ्यांत कमी त्रास देणारं माणूस कोण, एवढाच हिशेब मी केला.

मनाला समजावलं ते असं: जुन्या फिती आहेत, एवीतेवी मरणारच. दीड तर ऐकल्यात, त्यात काय होतं? कुकर आणि पंप.

पाठीवरच्या पिशवीत घालता आला असता डबा. पिशवीचंही वजन करत होते, पण काउंटरवरच्या मुलानं मला अडवलं असतंच असं नाही. मी विचारलंही नाही. त्यात माझा लॅपटॉप होता आणि पाहुण्यांसाठी घेतलेली अत्तरं होती.

डब्याला वजन पुरेसं नव्हतं. दोन किलोही नसेल. म्हणून चॉकलेटांची दोन पाकिटं आणि वाटेत मिळालेली जाहिरातीची एक जाड डायरीही काढली, आणि इस्त्रीचं खोकं फेकून नुसती इस्त्री कपड्यांत गुंडाळली. डबा खांबाशी ठेवला, झाकण नीट बसवून. नीट बसवलं, हे विशेष. खोका पुन्हा बांधत असताना एक बांगलादेशी सफाई कामगार ढकलगाडी घेऊन आला. त्यानं डबा उचलला, हलवला, आत खडखडलं. त्यानं काय विचारलं ते वर लिहिलंय. त्यानं दोनदा विचारलं. त्याला वाटलं असावं, मी ऐकलं नाही. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

मागं वळून पाहिलं नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. मी पाहिलं. ढकलगाडी लिफ्टच्या दिशेनं चालली होती.

परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी काकू इस्तिराहेत भेटल्या. मी ठरवून आलो होतो तेच सांगितलं: स्टुडिओवाल्यानं फिती तपासल्या, सगळ्यांना बुरशी होती, यंत्रात घातल्या की तुटत होत्या.

काकूंनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "डबा तरी आणायचा होतात."

"तो... त्यांच्याकडे राहिला. फेकला असेल त्यांनी."

"असू दे." आणि मग, "एखादा शब्द तरी निघाला?"

इथंच मी दुसरं केलं. पहिल्यापेक्षा ते वाईट आहे असं मला आता वाटतं. मी ऐकलेल्या दीड कॅसेटींमधलं त्यांना सांगता आलं असतं. रिंग, स्वेटर, मच्छरदाणीतला मल्याळी. ते खरं होतं, माझ्या कानात होतं. पण एवढ्या मोठ्या नुकसानीच्या बदल्यात हे इतकं किरकोळ कसं द्यायचं, असं मला वाटलं. मी म्हणालो, "हो, एका फितीचा थोडा भाग निघाला."

"काय म्हणाले?"

आणि मी म्हणालो, "म्हणत होते, पैसा मिळवायला आलो खरा, पण जाताना माणसं मिळवून जाईन."

कुठून आलं ते वाक्य? कुठूनही नाही. आमच्या प्रत्येक निरोप समारंभात कुणी ना कुणी असलं काही म्हणतंच. मी ते त्या क्षणी उचललं आणि काकांच्या तोंडी घातलं.

काकूंनी विचारलं, "ते असं म्हणाले?"

"हो."

"असं बोलत नसत ते." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "पण मीच विसरले असेन. किती वर्षं झाली."

मी खोटं बोलत होतो आणि शंका काकूंनी स्वतःच्या आठवणीवर घेतली. माझं तोंड मात्र उघडलं नाही. कमी बोलणारा माणूस ना मी.

अध्यक्षांना ते वाक्य भयंकर आवडलं. "अरे, हेच तर पाहिजे होतं! यात सगळं आलं." प्रदर्शनाच्या दिवशी इस्तिराहेच्या हॉलमध्ये दोऱ्यांना चिमटे लावून फोटो टांगले होते, टेबलांवर जुने पासपोर्ट, ताइफच्या गुलाबपाण्याची रिकामी बाटली, हाइलला राहिलेल्या एका कुटुंबानं दिलेली गव्हाची लोंबी काचेत घालून. आणि मधोमध काकांचा फोटो, खाली हे वाक्य, मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली 'ध्वनिफितीवरून'. तो शब्द माझा. एका मुलीनं ते माइकवर वाचलं. टाळ्या झाल्या. राबिघचे इंजिनिअर, जे शिक्क्यांच्या चढाओढीत हरले होते, ते डोळे पुसत होते. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि अध्यक्ष त्यांना शाल घालत होते.

त्यानंतर ते वाक्य माझ्या हातातून गेलंच. निरोपाच्या केकवर आलं. संक्रांतीच्या शुभेच्छांवर आलं. एकानं गाडीच्या काचेवर लावलं. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही शोधून काढलंत म्हणून, नाहीतर कुणाला कळलं असतं त्या माणसाचं?" मी ताटातली भाकरी मोडत राहिलो. तिनं विचारलं, "का हो, भाजी खारट झालीय?"

"नाही, बरी आहे," मी म्हणालो.

या वर्षी काकूंच्या मुलाचं काम संपलं. नवा करार झाला नाही. सगळं कुटुंब फायनल एक्झिटवर गुहागरला निघालं. निघायच्या आठवड्यात मी काकूंकडे गेलो, सांगायचंच असं ठरवून. घरात खोके पसरले होते. मुलगा फ्रिज विकायच्या फोनवर होता, सूनबाई कपडे घड्या करत होत्या. काकू खुर्चीवर बसून कुणाला काय द्यायचं ते सांगत होत्या. मला पितळेची एक परात देऊ लागल्या.

"काकू, मला काही नको. मला जरा बोलायचंय."

"बोला की."

तेवढ्यात त्यांची नात आली. तिसरी-चौथीतली, इथल्या इंग्रजी शाळेत जाणारी. आजीनं मराठीत विचारावं आणि हिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, असं त्या घरात चालायचं. काकूंनी तिला माझ्यासमोर उभं केलं. "म्हण गं, आजोबा काय म्हणायचे?"

पोरीनं हात मागे बांधून, शाळेतल्या कवितेसारखं, अडखळत ते वाक्य म्हटलं. 'मिळवून'मधला 'ळ' तिला जमत नव्हता. काकूंनी दोनदा म्हणवून घेतला.

"आजोबांचं म्हणून एवढंच आहे हिच्याजवळ," काकू मला म्हणाल्या. "नेहमी म्हणायचे ते असं. ताइफला, गावी, कुठंही असले तरी. नेहमी."

सहा वर्षांपूर्वी ज्या बाईला शंका आली होती, तिला आता ते आठवत होतं. मी जे टाकून दिलं त्याच्या जागी मी जे ठेवलं होतं, ते तिथं रुजलं होतं. मला विचारायचं होतं, काकू, कुकरची रिंग आठवते का? विहिरीचा पंप? दोन शर्ट? माझ्या तोंडावर आलं होतं ते. पण ते विचारलं की पुढचा प्रश्न त्या मला विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक? त्या फितींतून तर एकच वाक्य निघालं होतं ना?

"काय बोलायचं होतं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. प्रवास नीट करा, म्हणायला आलो होतो."

परात घेऊन मी खाली उतरलो.

त्या गेल्या त्याला चार महिने झाले. आता पुस्तकाची प्रुफं माझ्याकडे आहेत. पुस्तकाचं नाव काय ठेवलंय ते सांगायला नको. मुखपृष्ठावर आहे ते वाक्य. अध्यक्षांचा दर दोन दिवसांनी फोन येतो.

"अहो, झाली का वाचून? यल्ला, चला, आता छापायला देऊ!"

"थोडं राहिलंय."

"तुम्ही फारच बारकाईनं बघता बुवा."

एकदा मी हिय्या करून म्हणालो, "नाव बदलावं असं वाटतंय मला."

"का? काय वाईट आहे त्यात?"

"ते वाक्य... नक्की त्यांचंच आहे का, असं वाटतं कधीकधी."

अध्यक्ष हसले. "अहो, तुम्हीच तर ऐकलंत ना ते! तुमच्यावर आमचा जास्त विश्वास आहे, तुमचा स्वतःवर असेल त्यापेक्षा."

मी फोन ठेवला. वारसा जपणाऱ्या समितीत एका घराचा वारसा नाहीसा झाला आणि तो मी केला. ज्यांचा अल्बम कचऱ्यापाशी सापडला त्यांनी निदान आपलाच टाकला होता.

हे लिहिताना कुणाचं नाव घातलेलं नाही. पण काकूंनी हे वाचलं तर पहिल्या चार ओळींतच ओळखतील, आणि त्यांना हे असं छापील कळू नये. म्हणून हे कुठं द्यायच्या आधी मला गुहागरला जावं लागेल. तिथं त्यांच्यासमोर बसून विमानतळाची गोष्ट मला तोंडानं सांगायची आहे. ते वाक्य काकांचं नव्हतं, माझं होतं, हे सांगायचं आहे, आणि ते नातीलाही सांगायचं आहे. मी ऐकलेल्या दीड कॅसेटींमधलं जेवढं अजून आठवतं तेवढं, भर न घालता, कागदावर उतरवून त्यांच्या हाती द्यायचं आहे. अध्यक्षांना खरं सांगून मुखपृष्ठावरून ते वाक्य काढून घ्यायचं आहे. एवढं माझ्याकडून राहिलेलं आहे. आज हे लिहीपर्यंत यातलं मी काहीही केलेलं नाही.